अडचणीच्या घडीचे माप

वार्षिक अहवाल हाती आला की वाचकांची दृष्टी साहजिकच तक्त्यांकडे वळते. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण तपासले गेले, किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणते नवे यंत्र कोणाच्या औदार्याने आले, हे सारे आपण आस्थेने पाहता आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखात आम्ही ज्या गोष्टींविषयी लिहू इच्छितो त्यांना मात्र तक्त्यात जागा नसते. स्वच्छतागृहाच्या दाराची कडी, केसपेपरच्या खिडकीची उंची, रात्रपाळीच्या परिचारिकेला कपडे बदलण्यासाठी दिलेली खोली, योजनेच्या टेबलावरचे अंगठा घेण्याचे यंत्र. यांपैकी कशावरही देणगीदाराच्या नावाची पाटी सहसा लागत नाही. तरीही बरा झालेला रुग्ण आपल्या पायांनी घरी जातो, की मोडलेले खुब्याचे हाड घेऊन पुन्हा खाटेवर येतो, हे पुष्कळदा अशाच गोष्टींवर ठरते.

इमारतीचा वा यंत्राचा आराखडा करणारी व्यक्ती बहुधा निरोगी असते आणि नकळत ती आपल्यासारखाच वापरणारा डोळ्यांपुढे धरते. दोन्ही हात मोकळे असलेला, नीट दिसणारा, ऐकू येणारा, लिहितावाचता येणारा आणि घाईत वा भीतीत नसलेला असा हा माणूस असतो. रुग्णालयात तो क्वचितच येतो. आला तर कोणाच्या तरी भेटीला येतो. म्हणून आमचे असे मत झाले आहे की, रुग्णालयातील प्रत्येक सोय ती वापरणाऱ्याच्या सर्वांत अडचणीच्या घडीला धरून मापली जावी.

दुर्बल कोणाला म्हणावे, हा प्रश्न येथे उपस्थित होईल. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख व्यक्ती अपंग होत्या. त्यांपैकी २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातील होत्या. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याने ते २१ केले आणि त्याच्या २५ व्या कलमात शासकीय तसेच खाजगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेश असावा व दिव्यांगांना उपचारांत अग्रक्रम मिळावा, असे सांगितले. परंतु रुग्णालयात या गणनेबाहेरचे लोकही तितकेच असतात. पाय प्लास्टरमध्ये असलेला तरुण, पोटावर ताजे टाके असलेली बाळंतीण, उजव्या हाताला सलाईन लागलेले आजोबा, बाहुली मोठी करणारे थेंब डोळ्यांत घालून बाकावर बसवलेल्या आजी. यांतील कोणाकडेही दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसते आणि यांतील कोणालाही त्या दिवशी जिना, कडी वा बारीक अक्षर झेपत नाही.

प्रथम रॅम्पविषयी. रॅम्पचा उतार एकास बारा असावा, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी द्यावी, हे प्रमाण सर्वज्ञात आहे. जोते तीन फुटांचे असेल तर छत्तीस फूट लांबी लागते, शिवाय मध्ये टेकण्यासाठी सपाट जागा लागते. जागा नाही म्हणून पंधरा फुटांत उरकलेला रॅम्प छायाचित्रात रॅम्पच दिसतो. प्रत्यक्षात मात्र व्हीलचेअर ढकलणाऱ्या नातेवाइकाच्या मनगटातील जोरावरच सारा भरवसा राहतो आणि हा नातेवाईक बऱ्याचदा साठी उलटलेली पत्नी असते. उतरताना तर खुर्ची तिलाच पुढे ओढत नेते. जागा अपुरी असेल तर रॅम्पला वळण द्यावे किंवा छोटी लिफ्ट बसवावी. तीव्र उताराचा रॅम्प बांधून समाधान मानणे आम्हांला धोक्याचे वाटते, कारण तो नसता तर कोणी तरी मदतीला हाक मारली असती.

स्वच्छतागृहावर आम्ही थोडे अधिक लिहिणार आहोत. हा विषय सभ्य संभाषणात टाळला जातो आणि त्यामुळेच तो दुर्लक्षित राहतो.

पहाटेचे तीन वाजले आहेत असे समजा. रुग्णाला लघवी वाढवणारी गोळी दिलेली आहे, नातेवाईक खाटेखाली अंथरूण टाकून झोपलेला आहे आणि दिवसभर धावपळ केलेल्या त्या माणसाला उठवणे रुग्णाच्या जिवावर येते. तो एकटाच उठतो. झोपून एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, हे वैद्यकशास्त्राला नवे नाही. एका हातात सलाईनचा स्टँड आहे, फरशी नुकतीच पुसलेली आहे, दिव्याचे बटण दाराच्या मागे आहे. तो आत जातो, संकोचाने कडी लावतो आणि तेथे पडतो. दार आत उघडणारे असेल तर पडलेल्या माणसाचे शरीरच त्या दाराला अडसर होते. बाहेरून ढकलावे तर त्यालाच इजा होणार आणि आतली कडी तर मोडावीच लागणार. मदत हाताच्या अंतरावर असून मिनिटे वाया जातात.

यावरचे उपाय सारे जुने आणि स्वस्त आहेत. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे आणि व्हीलचेअर जाण्याइतकी, म्हणजे ९० सेंटीमीटर, मोकळी रुंदी त्याला असावी. कडी अशी असावी की प्रसंगी बाहेरून नाण्यानेही फिरवता येईल. आत व्हीलचेअर वळण्यासाठी दीड मीटर व्यासाची जागा मोकळी असावी. आधाराच्या दांड्या दोन्ही बाजूंना हव्यात, कारण अर्धांगवायूचा झटका उजवी बाजू घेईल की डावी, हे गवंड्याला ठाऊक नसते. त्या दांड्या भिंतीत अशा पक्क्या बसवाव्यात की माणसाचा संपूर्ण भार पडला तरी हलू नयेत. टॉवेल वाळत घालण्याची दांडी आणि आधाराची दांडी यांत हाच फरक आहे. हाकेच्या घंटेची दोरी जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत खाली यावी, म्हणजे पडलेल्या माणसाच्या हाताला ती लागेल. पुष्कळ ठिकाणी ही दोरी फरशी पुसताना अडते म्हणून गाठ मारून वर बांधलेली आढळते. बांधणाऱ्या मावशींचा त्यात दोष नाही. ती दोरी कशासाठी आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

कमोडविषयी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. गुडघे दुखणाऱ्या रुग्णाला कमोड हा आधार आहे, यात शंका नाही. परंतु ज्यांनी आयुष्यभर उकिडवे बसण्याचीच सवय ठेवली, अशा खेड्यांतून आलेल्या वृद्धांना तो परका असतो आणि काही जण त्याच्या कडेवर पाय ठेवून बसू पाहतात. हा हसण्याचा विषय नाही. घसरून मांडीचे हाड मोडण्याचा आहे. दाखल झालेल्या दिवशीच सिस्टरने वा मावशींनी रुग्णाला तेथे नेऊन दोन मिनिटे समजावून दिले, तर ही भीती बरीच टळते.

माणसाची सवय हा आराखड्याचाच भाग मानला तर काय घडते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. १९६८ साली जयपूर येथे अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट सिद्ध केला. त्यापूर्वीचे परदेशी धाटणीचे कृत्रिम पाऊल बुटात घालण्यासाठी घडवलेले होते. बूट न वापरणाऱ्या, चिखलात अनवाणी काम करणाऱ्या, मांडी घालून जेवणाऱ्या आणि उकिडवे बसणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग होत नसे. तो ते पाऊल घरी ठेवून पुन्हा कुबड्या घेई. रबर, लाकूड आणि कापड यांचे नवे पाऊल अनवाणी चालण्याजोगे, पाण्यात भिजण्याजोगे आणि बसताना वाकण्याजोगे झाले. डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याच्या हाताने हे पाऊल घडले त्या कारागिराचे नाव त्या मानाने कमी घेतले जाते, हेही येथे सांगितले पाहिजे.

सामायिक जागेची सुरक्षितता हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षास आग लागून १० अर्भके मृत्युमुखी पडली. ७ बालकांना वाचवण्यात यश आले. आगीच्या वेळी जिन्याने खाली धावा, अशी सूचना आपण सर्वत्र वाचतो. ती धावू शकणाऱ्यांसाठी असते. अर्भके, कृत्रिम श्वासावर असलेले रुग्ण, कर्षण लावलेले रुग्ण यांच्यासाठी धूर ओळखणारी यंत्रणा, धूर अडवणारी दारे, त्याच मजल्यावर आडवे हलवण्याची सोय आणि पहाटेही जागे असलेले पुरेसे मनुष्यबळ, हाच सुटकेचा मार्ग आहे. कॉरिडॉरमध्ये ठेवलेली जुनी कपाटे आणि मोडक्या खाटा दिवसा केवळ कुरूप दिसतात. खाट ढकलत न्यायची वेळ आली की त्या रस्ता बंद करतात.

जे सेवा देतात तेही याच जागांत वावरतात. १९७३ साली मुंबईतील एका रुग्णालयात कपडे बदलण्यासाठी तळघरातील खोलीत गेलेल्या परिचारिकेवर तेथील सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला आणि त्यानंतरची ४२ वर्षे तिने खाटेवर काढली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकाता येथे रात्रपाळीवरील तरुण महिला डॉक्टरची सभागृहात झालेली हत्या वाचकांच्या स्मरणात असेलच. पुढच्या साऱ्या न्यायालयीन चर्चेत एक साधी गोष्ट बाजूला पडू नये. थकलेल्या माणसाला विसावा घ्यायला कडी असलेली, उजेडाची, वर्दळीजवळची खोली हवी असते. ती नसली की तो मिळेल त्या कोपऱ्यात विसावतो.

आता यंत्रांकडे वळू. अलीकडे नोंदणी, योजनेची मंजुरी, देयक आणि अहवाल हे सारे संगणकावर आले आहे. त्याने कामास वेग आला हे खरे. परंतु ज्यांचा वेग आजाराने उणावला आहे त्यांचे काय, हे पाहावे लागते. बोटांच्या ठशांचेच घ्या. शेतमजूर, गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया यांच्या बोटांवरील रेषा कामाने झिजतात आणि वयाने पुसट होतात. कुष्ठरोगाने तर बोटेच जातात. याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, काही वेळा या रेषा उपचारानेच जातात. कॅपेसिटाबिन हे कर्करोगावरील औषध तळहात आणि तळपाय यांची त्वचा सोलवटते. ते घेणाऱ्या सिंगापूरच्या एका ज्येष्ठ रुग्णाचे ठसे न उमटल्यामुळे २००८ च्या अखेरीस अमेरिकेतील विमानतळावर त्याला चार तास थांबवून ठेवण्यात आले. त्याच्या डॉक्टरांनी २००९ साली हा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. हे औषध आपल्याकडेही सर्रास दिले जाते. म्हणजे एकाच रुग्णालयाच्या एका मजल्यावर आपण रुग्णाच्या बोटांवरील रेषा पुसतो आणि दुसऱ्या मजल्यावर योजनेच्या मंजुरीसाठी त्याच रेषा मागतो, असे होऊ शकते. यंत्रावर अंगठा चार वेळा दाबूनही हिरवा दिवा लागत नाही तेव्हा रांगेतील लोक त्या माणसाकडे संशयाने पाहू लागतात. तो मात्र आपल्याच बोटांकडे पाहत राहतो.

बुबुळ, चेहरा, मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक, हे पर्याय असतात. पण त्यांनाही त्यांची अडचणीची घडी आहे. डोळ्यांत थेंब घातलेल्या आजींना पुढचे काही तास जवळचे अक्षर वाचता येत नाही. मोबाइल गावी मुलाकडे असतो. आम्लहल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्यांना यंत्र पापणी मिटायला सांगते. या शेवटच्या अडचणीवरून प्रज्ञा प्रसून यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ओळख पटवण्याची प्रक्रिया दिव्यांगांना साधेल अशी करण्यासाठी २० निर्देशही देण्यात आले. आमच्या दृष्टीने याचा व्यवहारातील अर्थ एवढाच : प्रत्येक यंत्राशेजारी एक माणूस आणि एक कागद असला पाहिजे, आणि यंत्राने नाही म्हटल्यावर हो म्हणण्याचा अधिकार त्या माणसाला लेखी दिलेला असला पाहिजे. अधिकार नसलेला मदतनीस रुग्णाला केवळ दुसऱ्या खिडकीकडे पाठवतो.

यंत्र नाही म्हणते तेव्हा निदान कळते तरी. चुकीचे हो म्हणते तेव्हा कळतही नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्राणवायू मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरविषयी एक अभ्यास आला. बोटावरील यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतील रक्ताची प्रत्यक्ष तपासणी केली, तेव्हा कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के आणि गौरवर्णीयांच्या ३.६ टक्के मोजण्यांमध्ये प्राणवायू ८८ टक्क्यांच्याही खाली होता. यंत्र त्वचेतून प्रकाश पाठवून मोजते आणि गडद त्वचा त्यातील काही प्रकाश शोषते. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या करोना लाटेत, आपल्याकडे घरोघरी हेच यंत्र बोटाला लावून रुग्णालयात जावे की न जावे हे ठरवले जात होते. यंत्र टाकून द्यावे असे आम्ही म्हणत नाही. ते अतिशय उपयोगी आहे. पण सावळ्या रुग्णाला धाप लागलेली दिसत असताना आकडा चांगला आहे म्हणून त्याला परत पाठवू नये, आणि यंत्र खरेदी करताना ते कोणत्या वर्णाच्या लोकांवर तपासले गेले होते, हे विक्रेत्यास विचारावे. हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

मग येतो प्रतिष्ठेचा प्रश्न. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना २००६ पासून उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात, हे विश्वस्तांना ठाऊक आहेच. या रुग्णांचा केसपेपर वेगळ्या रंगाचा केला तर कारकुनाला सोयीचे होते. त्याच वेळी बाकावरील प्रत्येकाला कोणाचे पैसे कोण भरत आहे हेही कळते. एकेकाळी खाटेच्या डोक्याशी एचआयव्हीच्या खुणेची चिठ्ठी लावली जाई. २०१७ च्या कायद्याने अशा माहितीच्या गोपनीयतेला संरक्षण दिले. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मनोरुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करण्यास मनाई केली. अहवालाच्या मुखपृष्ठासाठी करुण चेहरा शोधताना हे ध्यानात ठेवावे, असे आम्ही स्वतःसही सांगतो.

कॅमेऱ्यांविषयी सावधगिरी हवी. दरवाजा, जिना, औषधांचे भांडार येथे ते उपयोगी आहेत. तपासणीच्या खोलीत त्यांना स्थान नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूतिगृहात स्त्रियांच्या तपासणीची चित्रफीत बाहेर जाऊन विकली गेल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांपैकी काही जण महाराष्ट्रातील होते. चित्रण सुरक्षेसाठीच होत होते, असे कोणी म्हणेल. पण जे चित्रित झालेच नाही ते चोरीला जात नाही, आणि त्या स्त्रियांनी कॅमेऱ्याला संमती दिली होती काय, हा प्रश्न चोरीच्या आधीचा आहे.

हे सारे आराखड्याच्या वेळीच कसे ध्यानात यावे? कायद्याची बाजू आता पूर्वीपेक्षा भक्कम आहे. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवणे मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवले आणि बंधनकारक नियम करण्यास केंद्र शासनास सांगितले. त्या प्रकरणी हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील केंद्राने सादर केलेल्या अहवालाचे शीर्षकच सर्वांसाठी मापे शोधण्याविषयीचे होते. तरीही नियमपुस्तिकेतील मापे पाळूनही चुकीची जागा बांधता येते. अंधांना वाट दाखवणाऱ्या उठावाच्या फरश्या हे त्याचे ठळक उदाहरण. जपानमधील सेइची मियाके यांनी त्या योजल्या आणि १९६७ साली ओकायामा येथे अंधशाळेजवळच्या रस्त्यावर प्रथम बसवल्या. आपल्या शहरांत त्याच फरश्या ओळीने जातात आणि कधी विजेच्या खांबाशी, कधी उभ्या केलेल्या दुचाकींशी संपतात. त्या वाटेने अंध व्यक्तीला एकदा चालवून पाहिले असते तर खांब दिसला असता.

आमची सूचना त्यामुळे अगदी साधी आहे. नव्या स्वच्छतागृहाचा, नोंदणी कक्षाचा वा प्रतीक्षालयाचा नकाशा मंजुरीस येईल तेव्हा तो मोकळ्या सभागृहाच्या फरशीवर खडूने पूर्ण मापात आखावा. भिंतीच्या जागी बाके लावावीत. त्यात व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला वळून पाहू द्यावे, काठी घेऊन चालणाऱ्या अंध व्यक्तीला दार शोधू द्यावे, अक्षरओळख नसलेल्या आजींना खिडकी कोणती ते विचारावे, कर्णबधिर रुग्णाला आपला क्रमांक आल्याचे कसे कळेल ते पाहावे. रात्रपाळीच्या सिस्टर आणि मावशी यांनाही बोलवावे. पाणी कोठे साचते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. या मंडळींनी सांगितलेले बदल नकाशावर लाल शाईने नोंदवावेत आणि ते का स्वीकारले वा नाकारले, याचे टिपण विश्वस्त मंडळाच्या सभेपुढे ठेवावे. त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी अंदाजपत्रकातच, वास्तुविशारदाच्या शुल्काखाली, स्वतंत्र ओळीत धरावी.